कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके म्हटलं की आपण मुलांना एकच ओळ पाठ करायला देतो : भारतीय चित्रपटाचे जनक, 'राजा हरिश्चंद्र', १९१३. त्याआधी हा माणूस पोटासाठी काय करत होता, ते सांगायचं राहूनच जातं.

३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. कॅमेरा माणसाची शक्ती ओढून घेतो अशी तेव्हाची समजूत, मग गिऱ्हाईक येणार कुठून? त्यातच प्लेगने पत्नी आणि मूल नेलं. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छपाईचा धंदा. भागीदारांशी पटलं नाही, तोही सुटला.

चाळिशीत, पदरात मुलंबाळं असताना, त्यांनी मुंबईत येशू ख्रिस्तावरचा चित्रपट पाहिला आणि झपाटल्यासारखे झाले. रोज चित्रपट बघायचे, घरी येऊन रिळं तपासायची. वेळ कुठून काढला? झोपेतून! डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. उपचारांनी दृष्टी परत आली, हे नशीबच. (मुलांना हा भाग कौतुकाने सांगू नका बरं का.)

विमा पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये ते लंडनला जाऊन तंत्र शिकून आले, कॅमेराही आणला. पण भांडवल कोण देणार? मग त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा पक्का बसवला आणि महिनाभराहून अधिक काळ नेमाने थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी रुजून बघता बघता वेल झाली! ती फिल्म पाहून फोटोच्या सामानाचे व्यापारी यशवंत नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. तारण काय, तर सरस्वतीबाईंचे, म्हणजे त्यांच्या दुसऱ्या पत्नीचे दागिने. या बाईंनी कच्च्या फिल्मला भोकं पाडली, रिळं धुतली आणि चित्रीकरणाच्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. धड्यात त्यांचं नाव शोधून बघा.

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला.

परिसर अभ्यासात मुलं बी पेरतातच. यंदा पालकांचा मोबाईल रोज त्याच जागी, त्याच वेळी धरून एक फोटो काढायला सांगा. महिन्याने सगळे फोटो भराभर सरकवून दाखवा. कुंडी मात्र कुणाला हलवू देऊ नका.