काट्याकडे धावणाऱ्या पेशी : इल्या मेच्निकॉव

खारकीवजवळ १८४५ मध्ये जन्मलेल्या इल्या मेच्निकॉव यांची बुद्धी जितकी तल्लख, तितकेच मन हळवे. विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला. परंतु १८७३ मध्ये पहिली पत्नी क्षयाने गेली, तेव्हा त्यांनी जीवन संपविण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले.

पुढे ओडेसा विद्यापीठातील राजकीय ओढाताणीला कंटाळून त्यांनी प्राध्यापकपद सोडले आणि १८८२ मध्ये ते सिसिलीतील मेसिना येथे कुटुंबासह राहिले. एके दिवशी घरची मंडळी सर्कशीला गेली असता ते सूक्ष्मदर्शकातून तारामाशाची पारदर्शक अळी न्याहाळत होते. तिच्या अंगात फिरणाऱ्या पेशी शरीराच्या रक्षक तर नसतील, असा विचार त्यांच्या मनात चमकून गेला. बागेतील गुलाबाचे काटे आणून त्यांनी अळीच्या कातडीखाली खुपसले. ती रात्र जागूनच गेली. पहाटे पाहतात तो काट्याभोवती पेशींचा वेढा पडलेला! अळीला रक्तवाहिन्या नसतात, तरीही पेशी नेमक्या जागी पोहोचल्या होत्या. दाह म्हणजे मुख्यतः रक्तवाहिन्यांचा विकार, हे तत्कालीन मत त्यामुळे डळमळले.

जंतू गिळणाऱ्या या पेशींना भक्षकपेशी हे नाव मिळाले, मान्यता मात्र सहजी मिळाली नाही. जर्मन शास्त्रज्ञांच्या मते रोगाशी झुंजतो तो रक्तद्रव. पेशी केवळ मेलेले जंतू उचलतात. १८८८ पासून पॅरिसच्या पाश्चर संस्थेत राहून मेच्निकॉव वीस वर्षे हा वाद लढले. १९०८ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि प्रतिपक्षाच्या पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले, आणि तेच न्याय्य होते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. त्यांचे ओडेसातील शिष्य वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

पेशींना काट्याची वर्दी कोण देतो? रासायनिक पदार्थ त्यांना ओढून घेत असावेत, असे मेच्निकॉव मानत. त्याचा तपशील उलगडण्यास पुढे अनेक दशके लागली. जखमेपाशी स्रवणारी रसायने भोवती पसरतात. पांढऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक प्रथिने ती कोणत्या बाजूस अधिक दाट आहेत हे ओळखतात. त्या बाजूस पेशीतील सूक्ष्म तंतू वाढून तिचा काठ पुढे ढकलतात आणि पेशी सरपटत निघते.

सामान्य लोकांना मेच्निकॉव आठवतात ते दह्याने आयुष्य वाढते, या त्यांच्या उतारवयातील आग्रहामुळे! १९१६ मध्ये पॅरिस येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवण्यात आला.