हर्मन हॉलरिथ : खानेसुमारीच्या यंत्राचा जनक

येशू ख्रिस्ताच्या जन्मसमयी कैसर औगुस्ताच्या आज्ञेने नावनिशी होत होती व म्हणूनच योसेफ व मरीया ह्यांस बेथलेहेमास जावे लागले, हे शुभवर्तमानातून आपणांस ठाऊक आहे. प्रजेची गणती करण्याची रीत इतकी पुरातन आहे. परंतु नावे लिहून घेणे निराळे, आणि लिहिलेल्या कोट्यवधी नोंदींतून हवी ती माहिती वेळेवर काढणे निराळे. हे दुसरे काम प्रथम विजेच्या यंत्रावर सोपविणारा पुरुष म्हणजे अमेरिकन इंजिनियर हर्मन हॉलरिथ होय. आज कचेऱ्यांत व बँकांत ज्या माहितीसाठ्यास डेटाबेस म्हणतात, त्याच्या वंशावळीत हॉलरिथचे स्थान मूळपुरुषाचे आहे.

हॉलरिथचा जन्म ता. २९ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्क संस्थानातील बफेलो शहरी झाला. त्याचे आईबाप जर्मनीहून येऊन तेथे स्थायिक झालेले होते. मुलगा बुद्धीने तल्लख. पण शुद्धलेखनाचे त्यास मोठे वावडे. त्या तासाच्या धास्तीने तो वर्गातून पळ काढी, अशी आख्यायिका आहे. अखेर त्यास शाळेतून काढून एका लुथरन पाळकाजवळ शिकावयास ठेविले. त्या शिकवणीचे चीज झाले. एकोणिसाव्या वर्षी, सन १८७९ मध्ये, तो कोलंबिया येथील खनिविद्यालयातून इंजिनियरची पदवी घेऊन बाहेर पडला.

त्याचे गुरु प्राध्यापक ट्रोब्रिज हे सन १८८० च्या खानेसुमारीच्या कामावर होते. त्यांनी आपल्या शिष्यास तेथे नेले. त्या वेळी अमेरिकेची लोकसंख्या सुमारे पाच कोटी होती. प्रत्येक माणसाचे वय, जन्मस्थान, धंदा इत्यादी नोंदी कारकून हाताने कागदावर खुणा करून मोजीत. हे काम पुरे होण्यास सात वर्षांहून अधिक काळ लागला. दर दहा वर्षांनी नवी गणती करावयाची आणि तिच्यावरून कायदेमंडळातील जागा वाटावयाच्या, असा तेथील राज्यघटनेचा दंडक आहे. लोकवस्ती तर झपाट्याने वाढत होती. जुन्याच रीतीने चालल्यास एका गणतीचा हिशेब संपण्यापूर्वी दुसरी दारात येऊन उभी राहावयाची, असा प्रसंग ओढवला होता.

त्याच खात्यात डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज हे थोर गृहस्थ होते. ही मोजदाद एखाद्या यंत्राने व्हावयास हवी, असे त्यांनी एकदा भोजनसमयी बोलून दाखविले. तरुण हॉलरिथच्या मनात ते बी रुजले. त्याने डॉक्टरांस भागीदार होण्याची विनंती केली. परंतु प्रश्न सुटावा एवढीच त्यांची इच्छा होती. मूळ सूचनेचे श्रेय हॉलरिथने पुढेही मोकळ्या मनाने त्यांसच दिले.

प्रथम त्याने कागदाच्या लांब पट्टीवर भोके पाडून पाहिली. पण एका माणसाची नोंद हवी झाल्यास सारी पट्टी उलगडावी लागे. पुढे आगगाडीचा तिकीट तपासनीस उतारूच्या तिकिटास चिमट्याने भोके पाडून त्याचे वर्णन नोंदितो, हे त्याने पाहिले आणि दर माणसास एक स्वतंत्र कार्ड ही युक्ती त्यास सुचली. कार्डावरील ठराविक जागी भोक म्हणजे पुरुष, दुसऱ्या जागी भोक म्हणजे स्त्री; ह्याप्रमाणे वय, धंदा, जन्मस्थान सारे भोकांनीच सांगावयाचे. असे कार्ड यंत्रात ठेवून वरून दांडा दाबला की, स्प्रिंगवर बसविलेल्या सुया खाली येत. जेथे भोक असेल तेथील सुई आरपार जाऊन पाऱ्याच्या वाटीत बुडे, विजेचे मंडळ पुरे होई व त्या सदराच्या तबकडीवरील काटा एका घराने पुढे सरके. लगेच पेटीच्या योग्य कप्प्याचे झाकण उघडे व कार्ड त्यात टाकावयाचे.

बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर त्याने ह्या पद्धतीची परीक्षा केली. हातचिमट्याने हजारो भोके पाडून हात भरून येत. म्हणून त्याने भोके पाडण्याचे सुलभ यंत्रही केले. सन १८८९ मध्ये सरकारने तीन पद्धतींची चुरस लाविली. नोंदी उतरविण्यास हॉलरिथला साडेबहात्तर तास लागले. इतर दोघांस प्रत्येकी शंभराहून अधिक. गणना करण्यास त्यास साडेपाच तास पुरले. इतरांस चाळिसांहून अधिक लागले. सन १८९० ची खानेसुमारी त्याच्या यंत्रांवर झाली. ऑस्ट्रिया व रशिया ह्या देशांनीही ती यंत्रे वापरली.

परंतु खानेसुमारी संपताच यंत्रे स्वस्थ बसली व पैशाची चणचण भासू लागली. तेव्हा हॉलरिथने एका मोठ्या रेल्वेचा मालवाहतुकीचा हिशेब हाती घेण्याचे ठरविले. पहिला प्रयोग फसला. माणसे एकेक करून मोजण्यास जे यंत्र चाले, ते मालाचे वजन व भाडे ह्यांच्या रकमांची बेरीज करण्यास अपुरे पडले. हॉलरिथने यंत्राची रचना बदलली, त्यास बेरीज करावयास शिकविले व सन १८९६ मध्ये रेल्वेचे काम मिळविले. त्याच वर्षी त्याने आपली कंपनी स्थापिली. पुढे कार्डे आपोआप सरकविणारे यंत्र आले, त्यांची वर्गवारी करणारे यंत्र आले, आणि तारांची जोडणी क्षणात बदलून एकाच यंत्राकडून निरनिराळी कामे घेण्याचा फलकही आला.

ह्या पुरुषाचा एक दोषही सांगितला पाहिजे. तो मोठा हट्टी होता. यंत्रांच्या भाड्यावरून त्याचे व गणना खात्याचे बिनसले. सन १९०५ मध्ये करार संपला. खात्याने आपल्या पदरी जेम्स पॉवर्स नावाचा कारागीर ठेवून नवी यंत्रे करविली. हॉलरिथने दावा लाविला, पण तो हरला. पॉवर्सची यंत्रे पुढे आकडे छापूनही देऊ लागली; हॉलरिथची यंत्रे त्या बाबतीत बराच काळ मागे राहिली. सन १९११ मध्ये त्याने आपली कंपनी विकली. तीच इतर कंपन्यांशी मिळून सन १९२४ मध्ये आयबीएम ह्या नावाने प्रसिद्धीस आली. उतारवयात तो शेती व गुरे ह्यांत रमला आणि ता. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे मरण पावला.

सन १९२८ मध्ये त्या कंपनीने ४५ रकान्यांच्या कार्डाऐवजी ८० रकान्यांचे कार्ड काढले. पण आकार जुनाच ठेविला, म्हणून लोकांची जुनी कपाटे व खण वाया गेले नाहीत. पुढे सन १९७० मध्ये ह्याच कंपनीतील एडगर कॉड ह्याने माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याचा सिद्धांत प्रसिद्ध केला. आजचे पुष्कळ डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत.

आता एक खेदाची गोष्ट. ज्या सन १८९० च्या खानेसुमारीने हॉलरिथचे नाव झाले, तिची मूळ पत्रके वॉशिंग्टन येथील एका सरकारी इमारतीच्या तळघरात होती. ता. १० जानेवारी १९२१ रोजी तेथे आग लागली. बहुतेक पत्रके आगीने व ती विझविण्याच्या पाण्याने नासली. पूर्वीच्या गणतींप्रमाणे त्यांच्या प्रती जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवलेल्या नव्हत्या. बेरजा उरल्या, पण आपल्या पूर्वजांची नावे शोधणाऱ्या लक्षावधी कुटुंबांस ती कायमची अंतरली.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कित्येक जण पुढे संगणकाच्या धंद्यात जातील. सर्व्हरवरील डेटाबेसची जुनी आवृत्ती काढून नवी बसविण्याचे काम एखादे दिवशी तुमच्यावर येईल. तेव्हा प्रथम साऱ्या नोंदींची दुसरी प्रत दूर ठिकाणी ठेवा, व ती खरोखर उघडते की नाही हे पाहा. बाल्टिमोरप्रमाणे आधी लहान प्रमाणावर प्रयोग करा आणि जुन्यानव्याचे आकडे ताडून पाहा. नवी आवृत्ती जुन्या नोंदी बिनचूक वाचते अशी खात्री पटल्यावरच जुनीस निरोप द्या. त्या नोंदी कोणाच्या तरी आयुष्याच्या आहेत व त्या विश्वासाने आपल्या हाती दिलेल्या आहेत, ह्याचे भान मात्र सुटू देऊ नका.