पियानोवादक स्कॉट जॉपलिन
अमेरिकेतील टेक्सासमध्ये, गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय पित्याच्या घरी स्कॉट जॉपलिन वाढले. आई गोऱ्यांकडे घरकाम करी, तेव्हा तेथील पियानोवर मुलाची बोटे फिरत. ज्युलियस वाइस या जर्मन शिक्षकांनी त्यांना विनामूल्य शिकविले.

१८९९ मधील ‘मेपल लीफ रॅग’ने ठेक्याला हुलकावणी देणारी रॅगटाइमची लय घरोघरच्या पियानोवर पोहोचविली. जॉपलिन यांचा जीव मात्र ‘ट्रीमोनिशा’ या संगीतिकेत गुंतला होता. तिची नायिका शिकलेली कृष्णवर्णीय मुलगी; गाव तिलाच पुढारी मानते. वाइस गुरुजींचे ऋण येथे दिसते. प्रकाशक लाभेना, म्हणून १९११ मध्ये त्यांनी ती स्वखर्चाने छापली. १९१५ मध्ये हार्लेमला प्रयोग केला तो नेपथ्याविना, वाद्यवृंदाविना. साथीला त्यांचा एकट्याचा पियानो. दाद मिळाली नाही. १९१७ मध्ये ते निवर्तले. ‘ट्रीमोनिशा’ पूर्ण स्वरूपात रंगमंचावर आली ती १९७२ मध्ये, अटलांटा येथे.