सुताराचा हात, शल्यज्ञाची नजर : व्हिव्हिअन थॉमस

वाचकहो, हृदयावरील शस्त्रक्रियेचा इतिहास तुम्ही चाळलात, तर मोठमोठ्या पदव्या असलेल्या डॉक्टरांची नावे आढळतील. परंतु त्या इतिहासात एक असाही गृहस्थ होऊन गेला, की ज्याने वैद्यकीय महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलीच नाही. ते म्हणजे व्हिव्हिअन थॉमस.

थॉमस यांचा जन्म १९१० साली अमेरिकेतील लुइझियाना राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. बालपण नॅशव्हिल शहरी गेले. वडील सुतार, तेव्हा करवत आणि रंधा मुलाच्याही हाती लवकरच आला. डॉक्टर होण्याच्या ध्यासाने त्यांनी सुतारकाम करून कॉलेजसाठी पै-पै साठविली. पण मंदीची लाट आली, काम सुटले आणि पुढे बँक बुडून शिल्लकही गेली.

१९३० साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत ते मदतनीस म्हणून लागले. काम संशोधनाचे, पण कागदोपत्री हुद्दा झाडूवाल्याचा! ब्लॅलॉक यांनी मात्र हे हात ओळखले. शल्यकर्माची तंत्रे थॉमस त्यांच्याकडे पाहून आणि स्वतः करून शिकले. १९४१ मध्ये ब्लॅलॉक बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेले, तेव्हा त्यांनी थॉमस यांनाही सोबत नेले.

तेथे डॉ. हेलन टॉसिग यांच्यापुढे एक कठीण प्रश्न होता. काही बालकांच्या हृदयात जन्मतःच दोष असतो; रक्त फुप्फुसाकडे पुरेसे जात नाही, प्राणवायू कमी पडतो आणि ओठ, नखे निळी पडतात. अशी मुले चार पावले चालली तरी धापा टाकीत आणि बहुतेक अकाली दगावत. फुप्फुसाकडे जादा रक्त नेण्याची वाट काढता येईल काय? थॉमस यांनी सुमारे दोन वर्षे कुत्र्यांवर प्रयोग केले. आधी तसाच विकार निर्माण करायचा, मग हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची. तान्ह्या मुलांच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी हत्यारे तयार मिळत नव्हती; सुया कापून, घासून त्यांनीच ती बनविली. सुताराचा मुलगा येथे कामी आला, असे मला वाटते.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी सव्वा वर्षाच्या एका मुलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. सुरी ब्लॅलॉक यांच्या हाती होती. त्यांच्या मागे एका स्टुलावर उभे राहून थॉमस टाका कोठे व कोणत्या दिशेने घ्यावा, हे सांगत होते. ती मुलगी काही महिनेच जगली, पण पुढे तिसऱ्या बालकाची निळी कांती टेबलावरच गुलाबी झाली. मग देशोदेशीचे आईबाप मुले घेऊन बाल्टिमोरला येऊ लागले.

१९४५ मध्ये या शस्त्रक्रियेचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात थॉमस यांचा उल्लेखही नव्हता! शस्त्रक्रियेला नाव पडले ते ब्लॅलॉक आणि टॉसिग यांचे. दोघे थोर होते, यात शंका नाही. पण हे मौन मला अजून खटकते. इकडे घरखर्च भागविण्यासाठी थॉमस कधी कधी ब्लॅलॉक यांच्याच मेजवानीत पेये वाटण्याचे काम करीत. म्हणजे दिवसा ज्या तरुण डॉक्टरांना टाका घालायला शिकवायचे, संध्याकाळी त्यांच्याच हाती पेला द्यायचा.

१९४७ च्या सुमारास त्यांनी कॉलेजात जाण्याची पुन्हा चौकशी केली. इतक्या वर्षांचा अनुभव जमेस धरला गेला नाही. पहिल्या वर्षापासून सुरुवात करा, असे उत्तर मिळाले. डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी गाठली असती, म्हणून त्यांनी तो विचार सोडला. मात्र शिकविणे सोडले नाही. १९६९ मध्ये मनुष्याच्या छातीत पहिले संपूर्ण कृत्रिम हृदय बसविणारे डेंटन कूली हे त्यांच्याच हाताखाली शिकलेल्यांपैकी.

१९७१ मध्ये त्या जुन्या विद्यार्थ्यांनी पुढाकार घेऊन थॉमस यांचे तैलचित्र करविले. ते हॉपकिन्समध्ये ब्लॅलॉक यांच्या चित्राशेजारी लागले. १९७६ मध्ये विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली, पण ती कायद्याची, वैद्यकाची नव्हे. तरी त्या दिवसापासून हॉपकिन्समधले लोक त्यांना डॉक्टर म्हणू लागले. १९७९ मध्ये ते निवृत्त झाले आणि २६ नोव्हेंबर १९८५ रोजी वारले. त्यांचे आत्मचरित्र त्याच सुमारास छापून बाहेर पडले. अलीकडे त्या शस्त्रक्रियेच्या नावात ब्लॅलॉक आणि टॉसिग यांच्या मध्ये थॉमस हे नावही अनेक डॉक्टर लिहितात.