पंपावरचे ब्रदर्स आणि माझा पुढचा गिअर

मित्रांनो, सुरुवातीलाच सांगतो, हा लेख थोर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांच्यावर आहे. पण मी त्यांच्यापर्यंत पोहोचलो तो एका जुन्या सायकलमुळे. त्यामुळे सायकल मधून मधून आडवी येईल, सांभाळून घ्या.

गेल्या पावसाळ्यात मी एक सेकंडहँड रोड बाईक घेतली. बारीक टायर, वाकडं हँडल, पुढे दोन चकत्या, मागे आठ. बल्लारपूर ते चंद्रपूर पंधरा-सोळा किलोमीटर, कोळशाच्या ट्रकांच्या धुराळ्यातून का होईना, रविवारी सकाळी मारून यायचं असा बेत. मागचे गिअर लोण्यासारखे पडायचे. पुढचा मात्र पडता पडेना. छोट्या चकतीवरून मोठीवर साखळी चढवायची म्हणजे डाव्या हातातला लिव्हर आत ढकलायचा. तो ढकलताना माझी बोटं पांढरी पडायची आणि तोंडातून मेसमध्ये ऐकू येतात तसे शब्द निघायचे. हॉस्टेलमध्ये सल्ल्याला तोटा नाही. एक म्हणाला तेल टाक, दुसरा म्हणाला जोर लाव ना बे, तिसऱ्याने सरळ भंगारात दे म्हटलं.

शेवटी गावातल्या एका सायकलवाल्या काकांकडे नेली. गिअरच्या सायकलींना आपण हात लावत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पण जाता जाता एक गोष्ट सांगितली, तीच कामाची ठरली. तार सोड आणि तिन्ही वस्तू वेगवेगळ्या हलवून पाहा, म्हणजे चोर कोण ते कळेल. मेकॅनिकल तिसऱ्या वर्षाला असून हे मला सुचलं नव्हतं, याची लाज वाटली.

तर रविवारी हॉस्टेलच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ सायकल उलटी केली. पुढच्या डिरेलरवरचा तार धरणारा नट ढिला केला. आता लिव्हर एकटा: टकटक, मस्त. डिरेलर एकटा, हाताने ढकलून: स्प्रिंग दमदार, पण सांधे मोकळे. मग तार दोन्ही टोकांनी धरून नळीतून मागेपुढे ओढली, तर ती अशी खरखरली की बस्स. चोर सापडला. तार गंजलेली, हँडलजवळ नळीला नको तितकी घट्ट वळणं, आणि पॅडलच्या धुऱ्याखाली जिथून तार वळते त्या प्लास्टिकच्या खाचेत वाळलेला चिखल आणि काळी पूड. बल्लारपूरची हवा, दुसरं काय.

पहिल्या वर्षाला आपण बेल्ट फ्रिक्शनचं सूत्र पाठ करतो. दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर घर्षणांक आणि वळणाचा कोन यांच्या गुणाकाराप्रमाणे घातांकी वाढतं. तारेच्या नळीलाही तेच लागू आहे. प्रत्येक जादा वळणाला दंड आहे, आणि गंज चढला की दंड आणखी वाढतो. पेपरात हे सूत्र मी दोनदा लिहिलंय, एकदा बॅकच्या पेपरात. पण ते आपल्या बोटांना दुखवतं हे त्या दिवशी कळलं.

हात ग्रीसने बरबटले होते म्हणून टाकीच्या नळावर धुवायला गेलो. तिथे आपला पंप आहे, त्याच्यावरची पाटी तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल. किर्लोस्कर ब्रदर्स. आमच्या शेतातल्या विहिरीवरही तीच पाटी होती. लहानपणापासून वाचत आलो, पण हे ब्रदर्स म्हणजे नेमके कोणते भाऊ, हा प्रश्न कधी पडला नव्हता. हात साबणाने चोळता चोळता पडला. मग लायब्ररीत जाऊन शोधलं आणि गंमत अशी निघाली की हे दोघे भाऊ मुळात सायकलवाले!

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्करही ह्याच गावचे. वडील वेदांताचे अभ्यासक. घरातली अपेक्षा साहजिकच अशी की पोराने शिकून बापाच्या वाटेने जावं. पण पोराला दोनच नाद, चित्रं काढायची आणि यंत्रं उचकटायची. १८८५ साली तो मुंबईला जे. जे. कला विद्यालयात दाखल झाला. म्हणजे सोळाव्या वर्षी. आपण सोळाव्या वर्षी काय करत होतो ते आठवा.

दोन वर्षांत तिथे एक भलतंच निघालं. लक्ष्मणरावांना काही रंग नीट ओळखू येत नव्हते. चित्रकाराला रंगांधळेपणा म्हणजे गवयाला बहिरेपणा. (आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनी रेझिस्टरचे पट्टे आठवावेत.) घरच्यांशी वाकडं घेऊन धरलेली वाट अशी डोळ्यांनीच बंद केली. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त लागला. नापास झालं तर माणूस पुन्हा पेपर देतो. डोळ्याचा पेपर पुन्हा कुठे देणार?

पण चित्रकलेचा सगळा विषय रंगांचा नसतो. यंत्रांची रेखाचित्रं काळ्या शाईने काढतात. लक्ष्मणरावांचा हात त्यात उत्तम चालला आणि त्या जोरावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंगचे साहाय्यक शिक्षक म्हणून नोकरी लागली. पगार महिना ४५ रुपये. हीच ती आपली व्हीजेटीआय. १८८७ साली सुरू झालेली, तेव्हा भायखळ्याला होती, माटुंग्याला नंतर गेली. ड्रॉइंगच्या शीटवर ज्यांना रात्री बारा वाजता रडू येतं, त्यांनी लक्षात घ्यावं की किर्लोस्करांचा सगळा पसारा एका ड्रॉइंगच्या मास्तरापासून सुरू झाला.

याच मुंबईत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सायकलवर बसून जाताना पाहिलं. तेव्हा सायकल ही वस्तूच नवी होती. दोन सारखी चाकं आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजची घडण इंग्लंडात स्टार्लीने १८८५ मध्ये बाजारात आणलेली. हवेचा टायर डनलॉपने केला तो १८८८ चा. फ्रीव्हील नाही, चाक फिरलं की पॅडल फिरणारच. गिअर बदलायचा प्रश्नच नव्हता. पुढची साखळी लिव्हरने सरकवायची सोय यायला अजून जवळजवळ चाळीस वर्षं होती. म्हणजे माझी डोकेदुखी लक्ष्मणरावांच्या वाट्याला आली नाही. साखळी, बेअरिंग, स्पोक आणि पंक्चर मात्र भरपूर आलं असणार.

१८८८ साली बेळगावात या दोघा भावांचं छोटंसं सायकलचं दुकान निघालं. लक्ष्मणराव मुंबईत सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिकडे थोरले बंधू रामुअण्णा त्या विकायचे, दुरुस्त करायचे आणि लोकांना चालवायला शिकवायचे. शिकवणीची फी १५ रुपये होती असं सांगतात. मास्तरांचा महिन्याचा पगार ४५, त्यावरून हिशोब करा. गिऱ्हाईक कोण असेल तेही त्यावरून कळतं.

नोकरी आणि दुकान असं दोन्ही चालू राहिलं असतं, तर किर्लोस्कर हे नाव बेळगावच्या एका दुकानाच्या पाटीवरच राहिलं असतं. पण इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांचा हक्क डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. मला इथे उगाच स्वाभिमानाचं भाषण ठोकायचं नाही, कारण ४५ रुपयांची नोकरी सोडताना घरात काय बोलणं झालं असेल त्याची मी कल्पना करू शकतो. आपल्याकडे कुणी कॅम्पसमधली नोकरी सोडून गावी सायकलचं दुकान टाकतो म्हणाला, तर बाप काय म्हणेल?

बेळगावात मग सायकलींच्या जोडीला शेतीची अवजारं सुरू झाली. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आता इथे आमच्या भागातल्या मित्रांना वेगळं सांगायला नको. लाकडी नांगर जमीन ओरखडतो. लोखंडी नांगराचा वळलेला पत्रा ती उलटी करतो, आणि हरळी-कुंद्याची मुळं वर येऊन उन्हात वाळतात. माझे आजोबा काळ्या जमिनीत वखर आणि नांगर दोन्ही चालवायचे, त्यांना हे एका वाक्यात पटलं असतं. पण तेव्हाच्या शेतकऱ्याला पटेना. लोखंड जमिनीत गेलं की जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! माल तयार, चांगला, आणि घेणारा नाही.

मला वाटतं इथे ती सायकल दुरुस्ती उपयोगी पडली असावी. हा माझा अंदाज, कुठे लिहिलेलं नाही. दुरुस्ती करणाऱ्याला एक सवय लागते. यंत्र अडलं की सगळ्या यंत्राला तो शिव्या देत नाही, अडलंय कुठे ते बघतो. नांगर अडला होता तो ओतकामात नव्हे, लोकांच्या मनात. तिथे धार लावून काही होणार नव्हतं, थांबणं आणि दाखवत राहणं एवढंच होतं. मी असतो तर दोन महिन्यांत नांगराचं डिझाइन बदलून बसलो असतो, जसा मी तारेचा दोष सोडून डिरेलरचे स्क्रू पिळत बसलो होतो.

बरं, नांगर खपायला लागले तर नवीन संकट. बेळगावच्या नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. यंत्रं, माणसं, माल घेऊन जायचं कुठे? तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. हे राजे स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. त्यांनी दहा हजार रुपये कर्जाऊ दिले आणि संस्थानातल्या कुंडल गावाजवळ जागा दिली. ३२ एकर माळरान, दगड, निवडुंग आणि नाग. एकच गोष्ट चांगली होती, शेजारून रेल्वे जात होती. ओतकारखान्याला लोखंड आणि कोळसा लागतो आणि दोन्ही बैलगाडीने परवडत नाही, हे बल्लारपूरच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी वसली. कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

सोबत माणसं कोण होती ते वाचून मला फार बरं वाटलं. वसाहतीचा कारभार रामुअण्णांकडे. शंभुराव जांभेकर इंजिनिअरिंग बघायचे, मंगेशराव रेगे हिशोब. अनंतराव फळणीकर शाळा अर्धवट सोडलेले, पण यंत्राची कल्पनाशक्ती दांडगी. के. के. कुलकर्णी विद्यार्थी म्हणून अयशस्वी. एटीकेटीवाल्या बांधवांनो, नोंद घ्या. रात्रीच्या पहाऱ्याला तर दरोड्यासाठी शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती, आणि त्यांनी विश्वास राखला. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही असा लक्ष्मणरावांचा नियम होता. सालं बघा, १९१० नंतरची. आपल्याच गावांत पाणवठ्यावरून काय काय चालायचं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.

त्यापुढचं बरंच तुम्हाला ठाऊक असेल. १९२० मध्ये कंपनीची रीतसर नोंदणी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्कर खबर हे मासिक काढलं. माल खपवण्यासाठी निघालेलं हे पत्रक पुढे घराघरात वाचलं जाणारं किर्लोस्कर मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० साली स्त्री मासिकही निघालं. नांगराच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयाची सोय झाली, हे आमच्या मराठी विभागाच्या संपादकांना आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं! पंप, तेलावरची इंजिनं वगैरे यथावकाश आलीच.

आता माझ्या सायकलीचं सांगतो. नवी तार आणि नळी नागपूरहून मागवली. नळीची टोकं कापली की आतला पत्रा दबतो, तो खिळ्याने मोकळा केला. वळणं मोठी ठेवली. पॅडलखालची खाच जुन्या टूथब्रशने साफ केली. तरी लिव्हर थोडा जड वाटतच होता. पुन्हा तार सोडली, पुन्हा तिन्ही वेगवेगळं. तेव्हा दिसलं की आधीच्या मालकाने तार नटाच्या चुकीच्या बाजूने धरली होती. फरक काही मिलिमीटरचा, पण डिरेलरचा दांडा मुळात दोन-तीन सेंटिमीटरचा, तिथे तेवढ्यानेही ताण वाढतो. मोमेंट म्हणजे बल गुणिले अंतर. अंतर कमी केलं की बल बोटांनी भरायचं. तार योग्य बाजूला घेतली आणि साखळी दोन बोटांत मोठ्या चकतीवर चढली. टाकीजवळ मी एकटाच ओरडलो.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. वय ८७. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, त्यांच्या नावाचं टपाल तिकीट निघालं. बेळगावात ज्या रस्त्यावर ते सायकलचं दुकान होतं, त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.

जुनी तार टाकून दिली नाही. रूमच्या खिडकीत कपडे वाळत घालायला बांधली आहे. रूमपार्टनरच्या पांढऱ्या शर्टावर तिची तांबडी रेघ उठलीय, आणि तो दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये.