लॉरेन्स आणि त्याच्या सात मोटारसायकली

गेल्या दिवाळीत मी एक जुनी मोटारसायकल विकत घेतली. तिचा पुढचा ब्रेक उशिरा लागतो, हे विकणाऱ्यानेच सांगितले होते. वडील रागावले; पण दोष ठाऊक असूनही मोह सुटत नाही, हे ज्याने गाडी घेतली त्यालाच कळते. त्याच सुमारास टी. ई. लॉरेन्स याच्या जीवनाविषयी माझ्या वाचनात आले. अरबस्तानचा लॉरेन्स म्हणून जग त्याला ओळखते. मला मात्र त्याच्या गाड्यांनी धरून ठेवले.

लॉरेन्सचा जन्म १६ ऑगस्ट १८८८ रोजी वेल्समध्ये झाला. पहिल्या महायुद्धात तुर्की सत्तेविरुद्धच्या अरब बंडात त्याने भाग घेतला. १९१७ साली अकाबा बंदर हाती आले आणि त्याची कीर्ती जगभर झाली. पण युद्ध संपल्यावर अरबांना दिलेली आश्वासने पाळली गेली नाहीत. ते शल्य त्याला आयुष्यभर बोचत राहिले. कर्नल असलेला हा माणूस १९२२ साली नाव बदलून ब्रिटिश विमानदलात साधा शिपाई म्हणून भरती झाला!

याच काळात त्याला मोटारसायकलचे वेड लागले. नॉटिंगहॅमचा जॉर्ज ब्रो हा कारखानदार ‘ब्रो सुपीरियर’ नावाच्या गाड्या बनवी. त्यांतील ‘एसएस १००’ ही सर्वांत नामांकित. इंग्रजी व्ही अक्षरासारखे मांडलेले दोन सिलिंडर, सुमारे १००० सीसीचे इंजिन आणि ताशी १०० मैल वेगाची कारखान्याची हमी! १९२५ च्या सुमारास तिची किंमत १७० पौंडांच्या आसपास होती. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी हिशेब केला, तेव्हा ती तिथल्या सामान्य कामगाराच्या जवळजवळ वर्षाच्या मजुरीइतकी भरली. शिपायाच्या पगारात हा खर्च कसा बसावा? तरीही लॉरेन्सने एकामागून एक अशा सात ब्रो बाळगल्या. मेघगर्जनेचे पुत्र या अर्थाचे बायबलातील ‘बोअनर्जिस’ हे नाव त्याने गाडीला दिले होते. एकदा तर त्याने आकाशातील लढाऊ विमानाशी रस्त्यावरून शर्यत लावली!

या गाड्यांत उणिवा नव्हत्या असे नाही. गिअर हाताने बदलावा लागे, म्हणजे तेवढा वेळ एक हात सुटलेला. त्या काळचे लहान ड्रम ब्रेक अशा वेगाला अपुरे होते. ओल्या रस्त्यावर जड गाडी घसरे. १९२६ च्या अखेरीस लंडनमध्ये तसेच घडले आणि गाडीचे बरेच नुकसान झाले. त्यानंतर तो कराचीला, मग वायव्य सरहद्दीवरील मिरानशाहला नोकरीवर होता. १९२९ साली तो मायदेशी परतला, तेव्हा बर्नार्ड शॉ दांपत्यादी स्नेह्यांनी त्याला नवी ब्रो भेट दिली.

फेब्रुवारी १९३५ मध्ये तो सेवामुक्त झाला आणि डॉर्सेटमधील क्लाउड्स हिल या आपल्या छोट्या घरी राहू लागला. आठव्या गाडीची मागणीही त्याने नोंदवली होती. १३ मे रोजी जवळच्या छावणीतून एक तार करून तो परतत होता. रस्त्याच्या खोलगट भागामुळे पुढची सायकलवरची दोन मुले त्याला आधी दिसली नाहीत. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्याला जबर मार बसला. डोक्यावर काहीच नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी, त्याचा अंत झाला.

त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हा मेंदूचा शल्यविशारद होता. या मृत्यूने तो अस्वस्थ झाला. पुढे त्याने मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास केला आणि १९४१ साली शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सेनेत कामावरील स्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सर्वसामान्यांसाठी तो कायदा तिथे १९७३ साली आला. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात त्याची तरतूद आहे.

गाडीतले दोष लॉरेन्सला पाठ होते. त्याचे उघडे डोके मात्र त्याच्या हिशेबात कधी आलेच नाही. हे वाचले त्या दिवशी मी कॉलेजच्या आवारात उभ्या गाड्यांकडे पाहिले. निम्मी हेल्मेटे आरशांना लटकलेली होती. त्यांत माझेही होते. दुसऱ्या दिवशी मी ब्रेक दुरुस्त करून घेतला. हेल्मेट तर त्याच संध्याकाळी, घरी जाताना, डोक्यावर चढले होते.