भाऊरावांच्या वसतिगृहातली एक पंगत

ज्या घराच्या भिंतीला आपल्या हातची माती लागते ते घर आपले वाटते. शाळेचेही तसेच आहे. इमारत जिल्हा परिषदेची, गुरुजी बदलीवर आलेले, आहार सरकारचा आणि पोरं तेवढी आपली, असा हिशेब आज बऱ्याच गावांत झालेला दिसतो. हा हिशेब शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने मोडून दाखवला. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. नाव पाठ्यपुस्तकातून सर्वांना ठाऊक आहे. पण निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या गावांची पोरं त्यांनी एकमेकांची कशी केली, हे कास्तकार बंधूंनी जरा बारकाईने पाहण्यासारखे आहे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोज गावी एका जैन कुटुंबात झाला. वडील पायगोंडा महसूल खात्यात नोकरीला होते. शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात आले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. त्या वेळी कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला जाऊन आले. परतल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे, असा बोर्डिंगचा नियम त्यांना सांगण्यात आला. त्यांनी साफ नकार दिला. शेवटी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आधार दिला. पुढे ते मॅट्रिकही होऊ शकले नाहीत. पण वसतिगृहाच्या दारातून बाहेर काढले जाणे म्हणजे काय, हे त्या पोराला कायमचे समजले. पुढच्या आयुष्यात त्यांनी जी वसतिगृहे काढली, त्यांच्या दारावर जात विचारली गेली नाही.

नांगर विकता विकता

आपल्या शेती खात्यातल्या माणसांना भाऊरावांचा एक पैलू विशेष जवळचा वाटावा. ते काही काळ किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराचे विक्रेते होते. लोखंडाने जमीन बिघडते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. त्यामुळे नुसते बोलून भागत नसे, नांगर वावरात चालवून दाखवावा लागे. या फिरतीत खेडी त्यांनी जवळून पाहिली. शाळा नाही, आणि शाळा असली तरी पोरगं ढोरांमागे, हे त्यांना गावोगाव दिसले. नवीन नांगर घेतला तरी वाचता न येणारा माणूस सावकाराच्या वहीपुढे आंधळाच राहतो, हे त्यांच्या ध्यानात आले.

त्याआधी १९१० च्या सुमारास सांगली भागातल्या दुधगाव येथे सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्यात त्यांचा पुढाकार होता. सत्यशोधक समाजाच्या कामातही ते होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, दसऱ्याच्या मुहूर्तावर, कराड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्याला आले. बोधचिन्ह घेतले वडाच्या झाडाचे. वडाची पारंबी जमिनीला टेकली की तिचेच खोड होते, आणि झाड पसरत जाते.

सर्वांचे हात, सर्वांचे ताट

साताऱ्याच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, धनगर अशी सर्व घरांची पोरं एकत्र राहू लागली. त्या काळी ही सोपी गोष्ट नव्हती. गावातली विहीर वेगळी, पाणवठा वेगळा, आणि इथे मात्र एकच चूल. भाऊरावांनी समतेवर भाषणे देत बसण्यापेक्षा काम वाटून दिले. पाणी भरायचे, दळण दळायचे, भाकरी थापायच्या, भांडी घासायची, वावरात राबायचे, सर्व पाळीपाळीने. पाळी जात पाहून लागत नव्हती. आज ज्याने भाकरी भाजली त्याच्या हातची सर्वांनी खायची, उद्या दुसऱ्याच्या हातची. ज्या भाजीला आपण पाणी दिले ती ताटात आली की वेगळी पंगत मांडायला जागाच उरत नाही. १९२७ मध्ये महात्मा गांधी साताऱ्याला आले. त्यांच्या हस्ते या वसतिगृहाला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

या पंगतीची किंमत घरातून मोजावी लागली. लक्ष्मीबाई, भाऊरावांच्या पत्नी, सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. त्यांनी या पोरांना पोटच्या लेकरांसारखे सांभाळले. पैसे संपले की एकेक दागिना मोडला जाई. सगळे सरल्यावर पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. १९३० मध्ये त्या गेल्या. संस्था वाढलेली पाहायला त्या राहिल्या नाहीत. कर्मवीरांचे नाव घेताना या माउलीला विसरणे बरे नाही.

१९३२ मध्ये पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३८ मध्ये साताऱ्याजवळच्या यवतेश्वर गावी व्हॉलंटरी शाळा सुरू झाली. पुढे अशा पाचशेहून अधिक शाळा खेड्यापाड्यांत उभ्या राहिल्या. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे मुलांनी अंगमेहनत करून शिकायचे, म्हणजेच कमवा आणि शिका. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. १९५४ मध्ये कराडच्या कॉलेजला त्यांनी आपल्या वऱ्हाडच्या गाडगे महाराजांचे नाव दिले. मध्यंतरी सरकारशी मतभेद होऊन अनुदान बंद पडले, तरी संस्था बसली नाही. लोकांनी ती आपली मानली होती. १९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले, पुणे विद्यापीठाने डी.लिट. दिली, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे निधन झाले. आज संस्थेच्या सातशेच्या आसपास शाखा आहेत.

आपल्या गावात काय करता येईल?

कोणी म्हणेल, हे पश्चिम महाराष्ट्राचे झाले. पण त्याच सुमारास डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले होतेच. ही वाट आपल्या विदर्भाला नवीन नाही.

आज जातीची पंगत उघडपणे मांडली जात नाही. तरी वर्गात एकटे पडलेले पोरगं असतेच. वीटभट्टीवर छत्तीसगडातून आलेल्या मजुराचे, संत्रातोडीला आलेल्या कुटुंबाचे, अर्ध्या वर्षात नाव घातलेले. ते मागच्या कोपऱ्यात बसते आणि एक दिवस येणे बंद करते. त्याचा पट गुरुजींकडे असतो, पण त्याला मित्र गावच देऊ शकते.

दसऱ्यानंतर पालक, मेथी, सांभार लावायचा हंगाम येतो. शाळेमागे गुंठाभर जागा असली तरी परसबाग होते. हात धुण्याचे पाणी नाली काढून वाफ्यात सोडा. कडेला शेवगा आणि कढीपत्ता लावा. वाफे वाटताना नवीन पोरगं आणि गावचं पोरगं अशी जोडी करा. पाणी देण्याची पाळी सर्वांना सारखी लावा, मुलींनाच झाडू आणि पाटलाच्या पोराला सूट असे होऊ देऊ नका. काम तासाभराचे असावे, अभ्यास बुडू नये. निघालेली भाजी पोषण आहारात जाऊ द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत एवढाच विषय घ्या. शेणखताची पहिली बंडी कोण देणार, ते तिथेच लिहून घ्या, आणि देणाऱ्याच्या घरचे नाही तर मजुराच्या घरचे पोरगं पहिले बी टाकेल असे ठरवा.